पडदेवालीचं उघडं घर

साऱ्या वसाहतीत पडदे शिवावेत तर तिनेच. खिडकी हातभर असो नाहीतर भिंतभर, बाई टेप गळ्यात टाकून यायची, दोनदा माप घ्यायची, चुण्यांसाठी कापड दुप्पट धरायची आणि आठव्या दिवशी पडदा लावून मोकळी व्हायची. पडद्याची कड जमिनीला घासली किंवा बोटभर वर राहिली, असं कुणी दाखवून द्यावं! तोंडावर लोक तिला ताई म्हणायचे आणि पाठीमागे पडदेवाली. या पडदेवालीच्या स्वतःच्या घराला मात्र बावीस वर्षांत एक चिंधीसुद्धा टांगलेली नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीही मान वळवावी आणि ती ताटात किती वाढून घेते ते मोजावं.

गिऱ्हाइकं हसून विचारायची, "ताई, तुमच्या घराचा नंबर कधी?"

"आमचं ते घर नाही हो, नमुना आहे," ती म्हणायची, आणि टाचणी जरा जास्तच जोरात खुपसायची.

हा नमुना तिच्या सासऱ्यांनी बांधून घेतला होता. सासरे दाताचे डॉक्टर. बाजारात एका जिन्याखाली त्यांचा दवाखाना, दहा बाय आठचा. खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी. तिथे दिवसभर दिवा लावून लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. त्यांचा एक वर्गमित्र परदेशात आर्किटेक्चर शिकून परत आला. त्याच्याकडे कल्पनांचा ढीग होता, पण बांधायला कोणी विटेइतकी जागा देत नव्हतं. डॉक्टरांकडे भूखंड होता. मित्राने दवाखान्यात येऊन एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "डॉक्टर, मी तुला उजेड देतो." झालं! डॉक्टर तिथल्या तिथे विरघळले.

या आर्किटेक्टला ती मनातल्या मनात ओळंबा म्हणायची. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा माणूसही तसाच. उभा, बारीक, आणि जाईल तिथे दुसऱ्याचं वाकडं दाखवणारा.

त्याने काढलेलं घर असं. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची, बावीस फूट लांब आणि नऊ फूट उंच, सात तावदानं. वर सपाट स्लॅब, भिंतीच्या चार फूट पुढे आलेला. काँक्रीटला गिलावा नाही, रंग नाही. साच्याच्या फळ्यांच्या रेषा जशाच्या तशा दिसतात. शेजारी वर्षभर विचारत होते, गिलावा कधी करणार म्हणून. मग कळलं, अरे, हे पूर्ण झालंय! जिना म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या तेरा पायऱ्या. कठडा नाही, कारण कठड्याने म्हणे जिना जड दिसतो. सासूबाई त्यावरून दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा मनगट मोडलं तेव्हा ओळंब्याने शांतपणे सांगितलं, की वहिनींची चढायची पद्धत चुकते. आता बोला!

वर झोपायच्या जागा होत्या. त्यांना खोल्या म्हणायला तिची जीभ वळत नसे. मध्ये भिंती नाहीत, नुसती कपाटं, आणि तीही सहा फुटांवर संपलेली. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कळावं. कुटुंबात आडपडदा कशाला, हे त्यामागचं तत्त्वज्ञान. दार काय ते न्हाणीघराला होतं, तेवढी मेहरबानी. तिची मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा हॉस्टेलवरून पहिल्याच फोनवर म्हणाली, "आई, माझ्या खोलीला दार आहे! आतून कडी आहे!" फोन ठेवल्यावर ही बाई किती तरी वेळ जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होती.

छप्पर अगदी सपाट, पाण्याच्या पातळीत. साहजिकच पाणी तिथेच थांबायचं आणि मग खाली यायचं. दर पावसाळ्यात दिवाणखान्यात तीन बादल्या. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तो कागद. आर्किटेक्टच्या लेखी परवानगीवाचून या घरात खिळासुद्धा ठोकणार नाही, असं डॉक्टरांनी खुशीने सही करून लिहून दिलं होतं.

खोटं कशाला बोला, थंडीत सकाळी सातला ऊन काचेतून शिरून थेट मागच्या भिंतीपर्यंत जायचं, तेव्हा घर सुंदर दिसायचं. तिलाही दिसायचं. पण रोज सकाळी सात वाजताच जगता येत नाही ना.

लग्न होऊन आली तेव्हा चौथ्याच दिवशी तिने टेप काढला आणि काच मोजायला घेतली. तिचे वडील पडदेच शिवायचे, हात त्यात बसलेला. सासरे मागून आले.

"काय चाललंय?"

"माप घेतेय बाबा. सात तावदानांना चौदा पडदे लागतील. पांढरे, पातळच घेईन. उजेड जाणार नाही."

"या घरात पडदा लागणार नाही. या घरात लपवण्यासारखं काही होत नाही."

"होतं ना बाबा. माणसं राहतात."

डॉक्टरांनी तिच्याकडे किडक्या दाढेकडे बघावं तसं पाहिलं. त्या दिवसापासून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. एका टेबलावर जेवायचे, पण बोलणं नवऱ्यामार्फत. "तिला सांग, मीठ कमी आहे." "त्यांना सांगा, मीठ समोरच आहे." नवरा पाणीपुरवठा खात्यात कारकून, स्वभावाने मऊ, दोघांच्या मध्ये सापडलेला. तो मुकाट्याने मीठ सरकवायचा.

आणि दरवर्षी पाहणी. घर पूर्ण झालं त्या तारखेला ओळंबा न चुकता यायचा. आदल्या दिवशी घरातून माणसं राहत असल्याच्या सगळ्या खुणा काढायच्या. शिवणयंत्र शेजारच्यांच्या गॅरेजमध्ये. कपड्यांची दोरी सोडून गुंडाळायची. चपला, कॅलेंडर, औषधाच्या बाटल्या, बादल्या, मुलीची चित्रं, सगळं पोत्यांत भरून गाडीच्या डिकीत. डॉक्टर स्वतः उभे राहून सांगायचे, "तो पसारा काढा. तोही पसारा काढा." मग ओळंबा यायचा, हात पाठीमागे बांधून फिरायचा आणि एखाद्या कोपऱ्यात थांबून म्हणायचा, "इथे काहीतरी होतं." डॉक्टरांचा चेहरा पडायचा. एकदा त्याला कॅलेंडरचा खिळा सापडला, तर डॉक्टरांनी पुढे महिनाभर फोनवर माफी मागितली. पस्तीस वर्षं लोकांना 'आ करा' म्हणून हुकूम सोडणारा माणूस या एकापुढे तोंड उघडत नव्हता. तिला त्याचाच सगळ्यात जास्त संताप यायचा.

सासूबाई गेल्या. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. आणि गेल्या वर्षी एका सकाळी ब्रशवर पेस्ट घेताना ते न्हाणीघरात कोसळले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण डोकं शाबूत. बिनकठड्याच्या तेरा पायऱ्या चढवून त्यांना वर नेणार कोण? चाकांचा लोखंडी पलंग आणला आणि तो मावेल अशी एकच जागा होती: दिवाणखाना, काचेला लागून.

आता विचार करा. दिवसातून तीनदा डायपर बदलायचा. बाहेर रस्ता. शाळेची मुलं जातात, फिरायला निघालेले निवृत्त लोक जातात, कुत्रा फिरवणारा एक जण तर बरोबर तिथेच थांबतो. नवरा ऑफिसात. ही एका हाताने चादर आडवी धरायची आणि दुसऱ्या हाताने सासऱ्यांना पुसायची. चादर घसरायची. डॉक्टर डोळे घट्ट मिटून घ्यायचे आणि पुसून होईपर्यंत उघडायचे नाहीत. एकदा दोन पोरी फुटपाथवर उभ्या राहून खिदळल्या. त्या त्यांच्याच कशाला तरी हसत असतील, पण डॉक्टरांनी दिवसभर पाणी घेतलं नाही. पाणी प्यायलं नाही म्हणजे लघवी नको, लघवी नको म्हणजे बदलणं नको.

त्याच संध्याकाळी तिने कापड आणलं. पांढरं, पातळ, सात तावदानांना पुरेल एवढं. जिन्याखाली बसून ती शिवत होती आणि डॉक्टर पलंगावरून बघत होते. नवरा घरात नव्हता, म्हणून बावीस वर्षांनी दोघं सरळ एकमेकांशी बोलले.

"ते इथे लावायचं नाही," डॉक्टर म्हणाले. शब्द घोळत होते, पण हुकूम तोच होता.

"लावणार."

"लोक लांबून घर बघायला येतात."

"घर बघत नाहीत हो! मी तुमची चड्डी बदलते, ते बघतात!"

ती बोलून गेली. डॉक्टरांचा चांगला हात चादरीवर वळवळला. मग ते म्हणाले, "मी या काचेमागे आहे म्हणून लोक विचारतात, हे कुणाचं घर. मी काय केलं आयुष्यात? दात उपटले. पडदा लावलास, तर आत नुसता एक आजारी म्हातारा उरेल."

तिचे हात थांबले नाहीत. म्हाताऱ्याची दया आली म्हणून हट्ट सोडणाऱ्यांपैकी ती नव्हती.

नवऱ्याने हातापाया पडून तिला थोपवलं. या वर्षीची पाहणी साधी नव्हती. ओळंब्याच्या घरांवर पुस्तक निघणार होतं आणि तो फोटोग्राफर घेऊन येणार होता. "तेवढी पाहणी होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू चौदाच्या चौदा लाव, मी शिडी धरतो."

"शब्द?"

"शब्द."

पाहणीच्या दिवशी तिला एका शाळेच्या सभागृहाचे पडदे लावायचे होते. ते पुढे ढकलते म्हणाली, तर नवऱ्याने आग्रहाने पाठवलं. यंत्र, शिवून झालेले पडदे आणि त्यांच्या दांड्या गॅरेजमध्ये गेल्या, औषधं डिकीत गेली. निघताना तिने सासऱ्यांना स्वच्छ केलं, केस विंचरले, धुतलेला सदरा घातला. फोटोत यायचे तर नीट यावेत, असं तिला वाटलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, पण त्यात नवीन काही नव्हतं.

सभागृहाचं काम लवकर आटोपलं. दुपारी दोनच्या सुमारास ती परतली. सोबत तिचा फिटर होता. पन्नाशीचा, अबोल गडी. पडदे ती शिवायची आणि दांड्या तो बसवायचा. खांद्यावर ड्रिल मशीनची पिशवी. तिला सोडून तो पुढे जाणार होता.

कोपऱ्यावरूनच तिला घर दिसलं. काच लख्ख. आतली फरशी आरशासारखी. फुटपाथवर तिपाई, फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून उभा, शेजारी ओळंबा हात पाठीमागे बांधून. आणि आत काही नाही. पलंग नाही!

ती धावतच आत गेली. नवरा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी कुठे उभं राहावं ते न कळून उभा होता.

"बाबा कुठेत?"

"मागे," तो म्हणाला. "आताच आणणार होतो."

मागे म्हणजे मागचं अंगण. पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जेमतेम पलंगाएवढी जागा. तिथे डॉक्टर होते. सावलीसाठी टाकीला चिमट्यांनी लावलेली चादर सुटून खाली पडली होती आणि ऊन थेट तोंडावर आलं होतं. ओठ सुकलेले. सदरा कमरेपर्यंत ओला. तोंडावर माश्या, आणि त्या हाकलायला जो हात होता तो पलंग आणि भिंत यांच्यात अडकलेला.

"किती वेळ झाला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अकराला... उजेड नीट येईना, मग त्यांनी पुन्हा..."

"तीन तास? अहो, तुमचे वडील आहेत ते!"

"मी नाही गं! बाबांनीच सांगितलं. सकाळपासून हट्ट धरला होता. तू गेल्याशिवाय हलवायचं नाही, असंही म्हणाले."

तिने वळून सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी उन्हाने अर्धवट मिटलेले डोळे उघडले.

"आज पसारा काढायचा असतो ना," ते म्हणाले.

तिने त्यांचा हात सोडवला. बावीस वर्षांत या माणसाचा तिने इतका राग केला होता, की आता आणखी राग येईल असं तिला वाटलंच नव्हतं. आला. त्यांचा आला, नवऱ्याचा आला आणि स्वतःचाही आला, कारण दर वर्षी पोती भरायला तीसुद्धा होतीच की. तिने हातानेच त्यांचं तोंड पुसलं आणि पलंग ओढायला लागली. फिटर न सांगता दुसऱ्या टोकाला गेला.

पलंग खडखडत दिवाणखान्यात आला, काचेपाशी, आपल्या जागी. बाहेर फोटोग्राफरने कापडातून डोकं काढलं. ओळंबा आत आला.

"पाच मिनिटं थांबायला हवं होतं, सूनबाई. उजेड आत्ता जमला होता. पलंगाने ती सगळी रेघ मोडते."

"तुम्हाला माहीत होतं का, बाबा कुठे होते?"

"मला वाटलं, हॉस्पिटलात."

"विचारलंत?"

ओळंब्याने पलंगाकडे पाहिलं, मग लगेच काचेकडे. "अरे डॉक्टर," तो म्हणाला, "हिला सांग जरा."

डॉक्टर काही सांगायच्या आधीच ती फिटरकडे वळली. "मशीन काढा."

"इथे?" फिटरने वर स्लॅबकडे पाहिलं.

"इथेच. काचेपासून चार बोटं आत, एका ओळीत. आठ भोकं."

ओळंब्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लेखी आहे आपलं! परवानगीशिवाय या घरात..."

"त्या कागदावर माझी सही नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हाला फोटोच हवाय ना? काढा. हे घर आहे, हा घरमालक आहे, आणि ही त्याची ओली गादी आहे. काढा की!"

तेवढ्यात मागून काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. नवरा शिडी घेऊन आला होता. त्याने ती काचेपाशी उभी केली, पायाने दाबून धरली आणि कुणाकडेही बघितलं नाही.

ड्रिल सुरू झालं. करवतल्यासारखा आवाज घरभर घुमला, काँक्रीटची भुकटी खाली फरशीवर सांडली. "थांबवा!" डॉक्टर ओरडले. पहिलं भोक पूर्ण व्हायच्या आत ओळंबा बाहेर पडला, आणि दुसऱ्याच्या वेळी त्याची गाडी सुरू झाली. फोटोग्राफर तिपाई मिटत होता. "थांब म्हणतो ना!" डॉक्टर पुन्हा ओरडले. फिटर बिचकला, हात हलला. तिसरं भोक तिरकं जायला लागलं.

"गाढवा!" डॉक्टरांचा आवाज फाटला. "तिरकं जातंय! मनगट सरळ ठेव. एवढा दाब कशाला देतोस? त्याच्या गतीने जाऊ दे. आणि मधे मधे बाहेर काढ, गरम होतंय!"

फिटरने ड्रिल बाहेर काढलं, मनगट सरळ केलं आणि पुन्हा लावलं. डॉक्टर मान ताणून वर बघत होते. उरलेल्या भोकांना ते ओरडले नाहीत. नुसते "हं... हं... बास" एवढंच म्हणत राहिले.

तासाभरात दांड्या बसल्या. गॅरेजमधून पडद्यांचा गठ्ठा आला. तिने एकेक कडी ओवली, चुण्या हाताने सारख्या केल्या आणि शेवटी दोन्ही बाजूंनी पडदे ओढून घेतले. रस्ता गेला. उजेड राहिला, पण मऊ झाला. घर बांधल्यापासून पहिल्यांदा तिथे बाहेरून आत दिसत नव्हतं.

नवरा आणि फिटर मागे शिडी ठेवायला गेले. तिने पातेल्यात कोमट पाणी आणलं, ओला सदरा काढला, गादी बदलली. चादर आडवी धरायची गरज नव्हती. दोन्ही हात मोकळे होते, त्यामुळे काम निम्म्या वेळात झालं. डॉक्टरांनी सवयीने डोळे घट्ट मिटले होते. पुसून झालं तरी ते उघडले नाहीत.

"झालं बाबा."

त्यांचा चांगला हात तोंडावर गेला. खांदा हलायला लागला, एकच, डावा. घशातून आवाज येत होता आणि ते तो दाबत होते. आजारपणाच्या सबंध वर्षात तिने हे एकदाही पाहिलं नव्हतं. कसं बघणार, सगळा रस्ता बघत होता ना. मग डोळे उघडून, मान वाकडी करून ते पडद्यात फट राहिली आहे का ते शोधत होते.

"फट नाही," ती म्हणाली. "माझं माप चुकत नाही. रडा आता काय रडायचं ते. कुणी बघत नाही."

तिने पातेलं उचललं आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"मीसुद्धा नाही."